जीप येनार नाय

माझं नाव काशिनाथ घरत, पन इथं दुबईत सगले काशीभाई बोलतात, तर तुमी पन तेच लिवा ताई. आमी उरनच्या खाडीकडचे, आगरी, म्हंजे आमचा जन्मच मिठागरात झाला बोला ना. बाप लाकडी फळीनं मीठ ओढायचा, आई डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरनं चालायची, आनि मी त्या बांधावर खेलत मोठा झालो. पाय कसे असायचे आमचे काय सांगू तुमाला, चिरा पडलेल्या, त्यात मीठ जायाचं, पन रडायची सोय नाय, कारन सगल्यांचेच तसे. बाप बोलायचा, मिठावर डोल्यानं चालायचं नाय काश्या, डोला फसवतो, टाचेनं चालायचं. टाच टेकली की खाली घट्ट हाय का पोकल हाय ते कलतं. मी सात-आठ वर्षांचा असेन, मला ते सगलं कंटालवानं वाटायचं.

मंग मिठागरं गेली, बंदर आलं, बापाच्या हाताला काम नाय उरलं. मी ट्रक शिकलो. इथं कुवेतची लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी आलो, आधी अबुधाबीजवल मुसफाला पान्याचा टँकर चालवला. पश्चिमेकडं, लांब, जिथं तेलवाल्यांचे कॅम्प असायचे तिथं पानी पोचवायचं. तेवा मी पैला सबखा बघितला. सबखा म्हंजे मिठाचं मैदान, ताई, दहा दहा, वीस वीस मैल पांढरं, एक झुडूप नाय, पक्षी नाय, वर मिठाची पापडी आनि खाली काला चिखल, सडलेल्या अंड्यासारखा वास येनारा. बाकीचे ड्रायवर बोलायचे, हे काय नरक हाय. मी उतरलो, बूट काढला, टाच टेकली आनि मला हसू आलं. बोललो, अरे हे तर आपलंच.

पाच वर्षं टँकर केला, मंग दुबईत एका टूर कंपनीत लागलो. तेवा नवीनच टूम निघालेली, लोकांना जीपमधून वालवंटात फिरवायची. एक संध्याकालची टूर तर सगलेच करायचे, पन आमची कंपनी चार दिवसांची करायची, ग्रुपनं, पाच-सहा जीप एकामागे एक. पैला दिवस लिवा म्हनून गाव हाय तिथपर्यंत, दुसरा दिवस उंच वालूच्या टेकड्या, तिसरा दिवस सबखा, चौथा दिवस परत. तंबू, जेवन, पानी सगलं आमीच न्यायचो. गिऱ्हाईक म्हंजे गोरे असायचे, आनि आपले पन असायचे, दुबईतल्या करामा भागातले बँकवाले, इंजिनीअर, वर्षभर ऑफिसात बसून कंटाललेले. पुढची जीप गुल महंमद चालवायचा, पेशावरकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. माझी जीप कायम शेवटची. शेवटच्यानं सगल्यांना मोजायचं असतं, म्हनून. गुल आनि मी एका खोलीत राहायचो, तो रोटी करायचा, मी मासे करायचो, असं आमचं चाललेलं.

आता ती गोष्ट सांगतो. जानेवारी होता, आनि त्या आठवड्यात पाऊस पडलेला. इथं पाऊस म्हंजे वर्षातनं चार दिवस, पन पडला की सबखा फुगतो. दुबईत लोकांनी ते ऐकून टूर कॅन्सल केली, राहिल्या दोनच जीप. माझ्या जीपमदे कुलकर्नी साहेब, त्यांची बायको मेधाताई आनि नऊ वर्षांची रेवा. गुलच्या जीपमदे सबनीस डॉक्टर आनि त्यांची बायको, साठीला आलेली जोडी, आनि आमचा नवीन मॅनेजर मेहरा. मेहराला येऊन तीन महिने झालेले. त्याच्याकडं ते सॅटेलाइटवालं मशीन होतं, छोटं, हातात मावनारं, तेवा नवीन नवीन होतं. त्याच्यात एक लाइन दिसायची, ती लाइन सबख्याच्या मदूनच जायाची. कडेकडेनं गेलं तर पाच तास, मदून गेलं तर दीड.

तिसऱ्या दिवशी सकाली नऊ-दहा वाजता आमी सबख्याच्या काठावर उभे. मी उतरलो, चप्पल काढली, पंचवीस पावलं आत जाऊन आलो. वरनं पापडी छान दिसत होती, कोरडी, चमकत होती, पन टाच टेकली की खाली हलत होती, साय हलते ना दुधावरची, तशी. मी येऊन मेहराला बोललो, साहेब, आज नको, कडेनं जाऊ. तो बोलला, काशी, तू गाडी चला, रास्ता मैं देखूंगा. मी बोललो, मंग माझी गाडी हितंच उभी राहील. सगल्यांच्या समोर बोललो मी, त्याला ते लागलं. तो बोलला, व्हिसा कोनाच्या हातात हाय म्हाईत हाय ना. मी बोललो, म्हाईत हाय. गुल बाजूलाच उभा होता. त्याची नजर मला कलत होती, त्याला पन जायाचं नव्हतं, पन त्याची बायको आजारी होती गावाला, त्याला नोकरी पायजे होती. मेहरा बोलला, यल्ला गुल, म्हंजे चल, आनि गुलनं गाडी काढली.

आमी चौघं काठावर. रेवा मला बोलली, अंकल, आर यू स्केर्ड? मी बोललो हो, बेटा. खोटं कशाला बोलू.

त्यांची जीप लहान लहान होत गेली, मंग थांबली. मला वाटलं फोटो काढायला थांबले. मंग वायरलेसवर मेहराचा आवाज, गाडी बैठ गयी. पुढचं चाक पापडी फोडून गेलेलं, गुलनं टायरची हवा काढून बघितली, चाकाखाली फल्या घातल्या, पन जेवढं जोर लावेल तेवढं खाली, शेवटी दोनी बाजूंनी चेसिसपर्यंत. आनि मंग डॉक्टरांची बायको घाबरून उतरली, चार पावलं गेली आनि मांडीपर्यंत आत. ओढून काढली, पन पाय मुरगलला. मेहरा बोलला, काशी, तुरंत गाडी ला, रस्सा बांध के खींच, ये ऑर्डर है.

तिथं ताई, खरं सांगतो, मी डगमगलो. कारन तिकडं गुल होता. कुलकर्नी साहेब पन बोलले, काशीभाई, हलू हलू गेलात तर? मी दोन मिनिटं स्टेअरिंगला हात लावून उभा राह्यलो. पन मी आत गेलो असतो तर दोन गाड्या बुडाल्या असत्या आनि काठावर पानी पन नाय आनि वायरलेस पन नाय. मी बटन दाबलं आनि बोललो, जीप येनार नाय, साहेब. मी येतो.

मेधाताईला वायरलेस दिलं, कसं बोलायचं ते दाखवलं, सांगितलं दर पंधरा मिनिटांनी मला काठावरनं बघा. तंबूचा एक बांबू घेतला, दोरी घेतली, पान्याच्या बाटल्या पाठीला बांधल्या, तंबूत घालायचं जाजम खांद्यावर टाकलं आनि अनवानी निघालो. अंतर दीड मैल असेल, पन मला जायाला सव्वा तास लागला. बांबू टोचायचा, टाच टेकायची, मंग वजन द्यायचं. जिथं पापडी फुगून पांढरी कापसासारखी झालेली तिथं खाली पोकल असतं. जिथं ती चपटी, मातकट, भेगाभेगांची, तिथं घट्ट. घट्ट जागा मिलाली की मी बांबूनं रेघ मारायचो, परतीसाठी. मीठ पायात घुसत होतं, पाय फाटले, रक्त आलं, पन रागानं माझं डोकं एवढं तापलेलं की मला कलत नव्हतं.

गुलनं मला लांबनं बघितलं आनि खाली बसला. पोचलो तर बोलला, काशी, मैं जानता था. एवढंच. मेहरा बोलला, गाडी कुठाय. मी त्याला पानी दिलं. सबनीसबाई रडत होत्या, बोलल्या, मला हितंच ठेवा, तुमी जा. मी बोललो, आई, मी तुमाला न्यायलाच आलोय, रिकामा परत जानार नाय. त्यांना आई कसं बोललो ते मलाच कललं नाय, निघालं तोंडातनं.

जाजमाच्या मदे त्यांना बसवलं, पुढचे दोन कोपरे मी धरले, मागचे गुलनं. सगल्यांच्या कमरेला एकच दोरी, मागं डॉक्टर आनि मेहरा दहा दहा पावलांवर, माझ्या पावलावर पाऊल. जिथं पापडी वजन घेनार नाय तिथं आमी जाजम खाली टेकून मिठावरनं ओढायचो. डॉक्टर साहेब मोठा मानूस, पन पोरासारखं ऐकत होते. मेहरानं अर्ध्यावर माझी वाट सोडली, त्याला समोर सरल काठ दिसत होता, दोन पावलं बाजूला गेला आनि कमरेपर्यंत गेला. गुलनंच त्याला दोरीनं ओढून काढलं. मशीन खाली राह्यलं, बूट पन राह्यला. त्यानंतर तो नीट चालला.

काठावर आलो तेवा तीन वाजून गेलेले. सात प्रवासी-ड्रायवर आनि मी, आठ जन, एका जीपमदे कोंबून लिवाला आलो, सबनीसबाईंचा पाय रेवाच्या मांडीवर ठेवलेला. बुडालेली जीप नंतर तेलवाल्यांच्या यंत्रानं काढली म्हनतात, पन ती परत चालली नाय.

आता खरी गोष्ट पुढं हाय. आठ दिवसांनी मेहरानं मला ऑफिसात बोलावलं. खूप गोड बोलला, चहा मागवला, आनि एक कागद पुढं केला, बोलला इधर साइन. इंग्रजीत होता. मला इंग्रजी अक्षर ओलखता येतं पन अर्थ लागत नाय, मी बोललो वाचून दाखवा. बोलला, नुसती फॉर्मॅलिटी हाय. मी कागद उचलला, बाहेर टायपिंग करनारी बाई होती, केरळची, तिला बोललो, सिस्टर, पढो. तिनं हलू आवाजात वाचलं. त्यात लिवलेलं, ड्रायवर गुल महंमद यानं साहेबांचं न ऐकता गाडी सबख्यात घातली. म्हंजे जो हुकूम पाळून गेला त्याच्यावरच.

मी आत आलो, कागद टेबलावर ठेवला. बोललो, हे खोटं हाय, मी सही नाय करनार. तो बोलला, फिर खलास, तेरा भी व्हिसा कॅन्सल. माझी दोन पोरं शालेत होती ताई, घराचं छप्पर अर्धं झालेलं. पन गुलसारखा मानूस, ज्याच्या हातची रोटी मी खाल्ली, त्याच्या नावावर हे करून मी परत त्या खोलीत झोपू कसा? मी बोललो, करा कॅन्सल.

झालं, मला महिन्याची नोटीस मिलाली. पन मी डॉक्टर साहेबांना फोन केला, आयुष्यात कोनाकडं हात नाय पसरला, त्या दिवशी गुलसाठी पसरला. डॉक्टर आनि कुलकर्नी साहेब दोघांनी मालकाला, अरबाबला, स्वता जाऊन सांगितलं. गुलची नोकरी राह्यली. माझी नाय राह्यली, कारन मेहरा बोलला एक तर तो नाय तर मी, आनि अरबाबला तेवा मेहरा पायजे होता. कुलकर्नी साहेबांनी मला मुसफाकडं शालेच्या बसवर लावून दिलं. चार वर्षं पोरं नेली-आनली. बरं होतं, पन वालवंट आठवायचं. गुल त्या वर्षांमदे गावाला गेला कायमचा, जाताना मला मिठी मारून बोलला, तुझं देनं माझ्या पोरांवर. मी बोललो, काय देनं नाय.

मंग दोन वर्षांमागं अरबाबचा फोन. मेहरा दुसरीकडं गेलेला. बोलला, काशी, तू ये, पुढची जीप तुझी, बाकीच्या ड्रायवरांचा मुख्य तू. मी बोललो, एक अट. ड्रायवर नाय बोलला की नाय. मॅनेजर कोन पन असो, गिऱ्हाईक कोन पन असो. आनि हे लिवून द्या. तो हसला, बोलला, लिवून? मी बोललो, लिवून, आनि हिंदीत, सगल्यांना वाचता येईल असं. पंधरा दिवस त्याचा फोन नाय आला. मी मनात बोललो, ठीक हाय, बस काय वाईट नाय. सोलाव्या दिवशी आला, बोलला, आव, कागद तयार हाय.

आता गेल्या हिवाल्याची गोष्ट सांगतो आनि उठतो, उद्या सकाली निघायचंय. सहा जीप, बावीस मानसं, लिवाच्या पुढं सबख्याच्या काठावर आमी. मी चालून बघितलं, मस्त घट्ट, पाऊस महिनाभर नाय. मी बोलनार यल्ला, तर तिसऱ्या जीपचा बिजू खाली उतरला, नवीन हाय, दुसराच हंगाम त्याचा. बोलला, काशीभाई, मेरे को आज ठीक नहीं लगता. मी विचारलं, काय ठीक नाय? बोलला, पता नहीं. बस, नहीं लगता.

सगले माझ्याकडं बघत होते. एक साहेब बोलले, अहो, तुमी स्वता बघितलंत ना? मला म्हाईत होतं वाट घट्ट हाय. शंभर टक्के म्हाईत होतं. मी गाड्या फिरवल्या. कडेनं गेलो, पाच तास, धूल, लोकांची तोंडं वाकडी, पोरं ओकली. दुसऱ्या आठवड्यात मी तिथनंच दुसरा ग्रुप नेला, मदून, दीड तासात, एक चाक नाय हललं.

बिजू नंतर माझ्याकडं आला, मान खाली घालून, बोलला, मेरी गलती थी. मी त्याला बोललो, नाय रे, तुझी गलती नाय. पुढच्या वेलेला पन वाटलं तर बोल. त्या पुढच्या वेलेला पन बोल. शंभरदा बोल, मी शंभरदा गाड्या फिरवीन.

गावाला बायको बोलते, आता बस झालं, ये परत. येईन. गुडघे बस बोलतील तेवा येईन. तोपर्यंत जे कोन बसेल माझ्यामागं त्याला देवानं सुखरूप घरी पोचवावं, एवढं मागतो. लिवलंत ना? बरं. चहा थंड झाला तुमचा, दुसरा सांगतो.