जंतूंना पाय टेकू न देणारी नळी

जमलेल्या थोरामोठ्यांना, कॉलेजच्या सर-मॅडमना आणि पोरापोरींना माझा नमस्कार. तुमी सगळी लांबनं आलाय. मला माईकवर बोलायची सवय न्हाई. पण आमचे मालक म्हणले, "आक्काबद्दल तूच बोल. मला जमायचं न्हाई." म्हणून उभी राहिले.

मी सुमन. कवठे महांकाळच्या पलीकडं आमचं गाव. तुमच्या शालन मॅडम म्हणजे माझ्या नणंद. तुमी मॅडम म्हणता, मालक आक्का म्हणत्यात, मी वन्सं म्हणते.

मालक फौजेत होते. गाडी दरीत गेली, मणका मोडला, कमरेखालचं अंग गेलं. तवापासनं लघवीची नळी लागली. ती बदलायला मी शिकले. पण ताप काय सुटंना. नवी नळी घातली, की काही दिवसांनी थंडी वाजून ताप. सांगलीला न्यायचं, सुया घ्यायच्या, घरी यायचं. पुन्हा ताप.

वन्सं इथं कराडला प्लास्टिकचा विषय शिकवायच्या. एकदा त्यांनी मी काढलेली नळीच मागितली. मी म्हणले, "आवं वन्सं, ती घाण कशाला?" म्हणल्या, "मला तीच पायजे." त्यांनी ती कापून भिंगाखाली बघितली, मलाबी दाखवली. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या त्या नळीवर जंतूंचा थर होता, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा. त्या थराच्या आत औषध नीट पोचतच न्हवतं.

मी म्हणले, "मग नळीलाच औषध लावा की."

"औषध संपतं, सुमन. आणि जंतू त्याला सरावत्यात. मला जंतू मारायचेच न्हाईत. त्यांना बसायला जागा द्यायची न्हाई."

नळीच्या अंगावर डोळ्याला दिसणार न्हाई अशी बारीक लव उगवायची. ती लव पाणी धरून ठेवती, आणि त्या पाण्यावर जंतूंचा पाय ठरत न्हाई. मला कळलं ते एवढं. पण तेवढ्यासाठी वन्संनी वर्षं घातली.

पहिली नळी प्रयोगशाळेत लय चांगली निघाली. एक कारखानदार विकायलाबी तयार झाला. तवर वन्संनी नळीची खरी पारख करायला मालकांची लघवी बर्फाच्या डब्यातनं एसटीनं कराडला नेली. कंडक्टर म्हणला, "मॅडम, डब्यात काय हाय?" म्हणल्या, "भावाच्या औषधाचं हाय." खोटं कुठं होतं ते? त्या लघवीत नळीवर क्षारांचा खरखरीत थर चढला, आणि जंतू त्याच्यावर जाऊन बसले. वन्सं भरल्या बैठकीत उठून म्हणल्या, "फसलं. पुन्हा करावं लागंल." कारखानदार उठून गेला.

त्याच दिवसांत मालकांना मोठा ताप भरला. म्हणले, "आक्का, तुझीच नळी घाल. मेलो तरी चालंल."

"मला न्हाई चालणार. त्या लवेतनं तुझ्या अंगात काय उतरतंय, ते मला अजून म्हाईत न्हाई. म्हाईत नसलेलं तुझ्या अंगात कसं घालू?"

मी भांडले त्यांच्याशी. म्हणले, सख्खा भाऊ तळमळतोय, आणि तुमी नियम सांगताय? त्यांनी डोळं पुसलं. पण न्हाईच म्हणल्या. उशाशी बसून पट्ट्या बदलत राहिल्या.

पुढं दुसरी लव जमली. परवानगी मिळाली, सांगलीच्या दवाखान्यात चाचणी सुरू झाली. डॉक्टरांनी समजावून, सही घेऊन मालकांनाबी ती नळी घातली. ताप अजून येतो. पण आता कवातरी येतो. औंदा ते गावच्या जत्रेत खुर्चीवर बसून लेझीम बघत होते, आणि खुर्ची वन्सं ढकलत होत्या. डॉक्टर म्हणले, यश आलं. वन्सं म्हणल्या, "अजून पुष्कळ पेशंट बघायचे हायत. तवर यश म्हणू नका."

आणि मागच्या आठवड्यात, वर्गात शिकवता शिकवता छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आधीच वन्सं गेल्या.

पोरांनो, फोटोला हार घाला. पण वन्संच्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर कापड टाकून ठेवू नका. राहिलेले पेशंट आता तुमी बघायचे.

आता सगळ्यांनी उभं राहूया. ज्यांना उभं राहता येत न्हाई, त्यांनी बसूनच हात जोडावेत. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

वन्सं, या आता.