मावशींची कुटून दिलेली गोळी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे आपले मालक. त्यांच्या शेजारी बसलेल्या मालकीणबाई. हॉटेलांकडून आणि हॉस्पिटलांकडून आलेले पाहुणे, ज्यांच्या चादरी आपण रोज धुतो आणि ज्यांची तोंडं आज पहिल्यांदाच बघतोय. धुलाई, इस्त्री आणि घडी या तिन्ही खात्यांतले माझे भाऊबहीण. आणि ज्यांच्यासाठी या खुर्च्या मांडल्या त्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या घडीखात्याच्या मावशी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

बोलायला मी उभी आहे, कारण बाकीच्यांनी नाही म्हटलं. हा विनय नाही, खरंच तसं झालंय. माझं शिक्षण अर्धवट. टोलनाक्यावर बसले, पार्सलं निवडली, एका बोटीवर भांडी घासली. बोटीवरची एक गंमत आहे, पण ती राहू दे. फिरत फिरत या लाँड्रीत आले आणि मावशींनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं, भटकभवानी. तेव्हापासून हजेरी घेतानासुद्धा मुकादम तेच म्हणतात.

मावशींबद्दल काय सांगावं? त्यांना देण्याची खोड आहे. पाठ धरली, गोळी. दाढ ठणकली, गोळी. पाळी आली, गोळी. पाहुण्यांना वाटेल, हे काय कारखान्याचं वळण. तर आमचं काम असं आहे की गरम रोलरवर चादर दोघींनी मिळून घालायची असते. एक पोट धरून बसली की दुसरी आपोआप बसते, आणि दोघी बसल्या की मुकादम उठतात. म्हणून मावशींचा गोळ्यांचा डबा. त्यात त्यांचा स्वार्थ काडीचा नव्हता.

आता माझं. इथं यायच्या आधी मी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. पोट लहान करतात आणि आतडं वर आणून त्याला नवीन जोड देतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाळीत बायका सर्रास घेतात त्या सूज-दुखीच्या गोळ्या तुला आता बंद. त्या जोडापाशी जखम होते. साधी पॅरासिटामॉल चालेल, तीही मापात आणि आम्हाला विचारून. वजन उतरलं तशी माझी पाळी नियमित झाली, आधी महिनोन् महिने फिरकायची नाही. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. नशीब काय, तर आता दर महिन्याला वेळेवर दुखायचं. मालक, पंख्याकडे बघू नका, थोडंच राहिलंय.

मावशींनी पहिल्यांदा गोळी पुढं केली तेव्हा मी म्हटलं, "नको मावशी, मला ही चालत नाही. पोट लहान केलंय माझं." आणि तिथंच थांबले. का थांबले? दमले होते हो. ऑपरेशन म्हटलं की किती किलो गेले, पैसे किती गेले, मग आता जेवतेस कशी, आणि आधी व्यायाम का नाही केलास, एवढं सगळं पाठोपाठ येतं. तेवढं पुन्हा सांगायचं त्राण नव्हतं.

मावशींनी त्या अर्ध्या वाक्याचा जो अर्थ लावला तो शहाण्या माणसाचाच होता. पोट लहान, गोळी मोठी. मग गोळी बारीक करावी. त्या दर महिन्याला गोळी रुमालात घालून पेल्याच्या बुडानं कुटायच्या आणि पूड माझ्या चहात टाकायच्या. न सांगता. कशाला उगाच पोरीला उपकाराचं ओझं. मी घेते बिनसाखरेचा काळा चहा, तो मुळातच कडू. शिवाय त्या ड्रायरमधला गरमागरम टॉवेल पोटाशी धरायला द्यायच्या. कळ ओसरायची. सगळं श्रेय मी टॉवेलला द्यायचे. चार जणींना सांगितलं सुद्धा, की गरम टॉवेलासारखं औषध नाही.

मग बरगड्यांखाली आग व्हायला लागली. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. शी डांबरासारखी काळी, पाहुण्यांनी क्षमा करावी. हॉस्पिटलात नळी घालून बघितलं तर नेमकी जोडावरच जखम, आणि ती झिरपत होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेनकिलर घेतेस?"

"एकही नाही."

"नीट आठव."

"बाई, शपथ घेऊ का?"

तेवढ्यात मावशी भेटायला आल्या. खाटेशी उभ्या राहून माझ्या केसांवरून हात फिरवला आणि भाबडेपणानं म्हणाल्या, "अगं, मी तर दर खेपेला पार पीठ करून देत होते. तरी कशी गं बाधली?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावलं, अगदी सौम्यपणे. गोळी कुटली काय, विरघळवली काय, सुईतून दिली काय, ती रक्तात भिनून पोटाचं अस्तर दुबळं करतेच. प्रश्न आकाराचा नव्हता.

मावशी नर्सला म्हणाल्या, "मी पोरीला विष घातलं." आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

त्या दिवसापासून मावशी माझ्याशी बोललेल्या नाहीत. जखम भरली. ॲसिड कमी करायचं औषध बरेच महिने घेतलं. स्त्रीरोगवाल्या बाईंनी गर्भाशयात एक छोटं साधन बसवलं. म्हणाल्या, ऑपरेशननंतर तोंडानं घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्या नीट अंगी लागतीलच असं नाही, त्यापेक्षा हे बरं. आता दुखतं, पण रोलरवर उभी राहते. मावशी मात्र बॉयलरवाल्या मामांना सांगतात, "तिला म्हणावं, टॉवेल ठेवलाय." मी असते तीन हातांवर. मामा बिचारे मान वळवून मला म्हणतात, "टॉवेल ठेवलाय." मी म्हणते, "ऐकलं मामा." आणि डबा अजून आहे, पण हल्ली गोळी मागितली की मावशी आधी उलटतपासणी घेतात, "पोटाचं काही केलंयस का? खरं सांग." परवा वॉचमनलाही विचारलं. तो डोकं दुखतं म्हणून आला होता, तसाच परत गेला.

बहिणींनो, तुमच्यापैकी कुणी हे ऑपरेशन केलं असेल, तर दमला असाल तरी वाक्य पुरं करा. कुठली गोळी चालते, कुठली नाही, आणि का. आणि मी सांगितलं त्यातलं काही दिसलं, किंवा उलटीत रक्त आलं, तर शिफ्ट संपायची वाट बघू नका.

मावशी, आता तुमच्याशी बोलते, मामांना मध्ये न घालता. मला राग नाही, कधीच नव्हता. आजवर कुणी काही बोललं की मी नोकरी सोडून चालू लागायचे. इथं कुणी बोलत नाही म्हणून रडले, तरी टिकले. तुम्ही मला विष दिलं नाही. मी अर्धंच सांगितलं आणि तुम्ही उरलेलं मायेनं भरून काढलं, एवढंच झालं. आज तुम्ही लाँड्रीच्या नारिंगी फाटकातून कायमच्या बाहेर पडाल, आणि तुमचं घर दोन बसगाड्या बदलून. अशा गेलात तर मला फार जड जाईल. काही तरी बोला. शिवी दिलीत तरी चालेल.

काय म्हणालात? मामा, तुम्ही नका सांगू. त्यांनाच बोलू द्या.

मागच्यांना ऐकू आलं नसेल. मावशी म्हणतात, "आज दुसरा दिवस ना गं तुझा? मग किती वेळ उभी राहणार आहेस? बस खाली, भटकभवानी."

मालक, सगळ्या हॉलला माझी तारीख कळली, त्याला माझा इलाज नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझं बोलणं भरकटतं, नको ते शब्दही आले असतील, तर पदरात घ्या.

बसते, मावशी.