रुमालाखालचे तीन एक्के

हसू नका, पण हातात कसले पत्ते हायत ते तोंडावर दिसू द्यायचं न्हाय, हे मी महिनाभर आरशासमोर बसून शिकलो. मोबाइलवर पोकरवाले तेच सांगत्यात. बायको मधी मधी येऊन कपाळाला हात लावून जायची, ताप हाय का बघायला.

मग भिगवणला तात्यांबरोबर तीन पत्ती खेळायला बसलो. आमी दोघंबी बैलबाजारातले दलाल. पैशाऐवजी चिंचोके लावलेले. ज्याचे संपतील त्यानं दुसरा मासे खातोय ते नुसतं बघायचं.

पहिल्याच डावाला मला तीन एक्के आले. तोंड माझं दगडासारखं. तात्यांनी लई निरखून बघितलं, काय कळंना. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आन हात पुढं केला.

बाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली बोटं धरून. आन तितं खोटं बोलायचं नसतं. सवयीनं माझाबी हात आत गेला.

"एक्के किती?"

मी तीन बोटं दाबली. तात्यांनी पत्ते टाकून दिले.

पुढच्या डावाला माझ्याकडं काहीच नव्हतं. परत रुमाल आला. मी परत तीन बोटं दाबली.

"परत तीन? नशीब हाय गड्या तुझं," म्हणून तात्यांनी पत्ते टाकले.

असे ओळीनं सात डाव झाले. मासे मी खाल्ले. वर हात धुताना सांगितलं, "तात्या, एक्के एकदाच आलते."

तात्यांनी रुमाल तेवढा नळाखाली धरून धुतला.

तवापासून बाजारात मी भाव ओरडून सांगतो. माझ्या हातात हात द्यायला कोण तयार न्हाय.