सिंहाच्या दगडाला शेंदूर

चूक गोविंदकाकांची होती. घरची मोठी मंडळी आजही गाईडच्या नावाने बोटं मोडतात, म्हणून आधीच सांगतो. चुलतभाऊ नैरोबीत नोकरीला, त्याने आम्हा दोघांना दिवसभराच्या सफारीला पाठवलं. गाडी चालवणारा आणि गाईड एकच, जोसेफ. सकाळीच त्याने बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही."

दुपारी वाटेलगतच्या दगडावरून एक सिंह उठला आणि समोरच्या गवतात शिरला. काकांनी खिशातून शेंदराची पुडी काढली.

"काका, काय करताय?"

"आपल्या गावी रानशेतला वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावून हात जोडल्याशिवाय आपण रानात शिरतो का? मग इथे?"

"अहो, तो गवतातच बसलाय!"

"कॉलेज सोडलेल्याने मला अक्कल शिकवू नये."

आणि उतरले की! दगडाला शेंदूर फासला आणि डोळे मिटून उभे राहिले. पाखरंसुद्धा गप्प झाली. मी ओरडणार, तोच जोसेफने माझं तोंड दाबलं. तो सिंहाच्या बाजूला बघतच नव्हता. काकांच्या पाठीमागे, वारा नसताना, गवत हळूहळू दुभंगत त्यांच्याकडे येत होतं.

जोसेफ उतरला. गवताकडे तोंड करून मध्ये उभा राहिला आणि त्याने काकांना पाठीने रेटत गाडीत आणलं. गवत हलायचं थांबलं. आतून काहीच बाहेर आलं नाही.

काका म्हणाले, "बघितलंस? देवाने राखलं."

आमच्या मागे येऊन थांबलेल्या दुसऱ्या सफारीच्या गाडीतल्या लोकांनी तक्रार केली. पाहुणा खाली उतरला म्हणून जोसेफचा परवाना गेला.