म्हातारा काय म्हणतोय

नाही बाई, तिथवर गाडी जात नाही, आणि गेली तरी बघायला काही उरलेलं नाही – तुमचे वडील पडले ती घळ कॉफीच्या मळ्यात बुजली. तुमचा ड्रायव्हर चाक बदलतोय तोवर बसा. मी तुमची भाषा बोलतो याचं नवल वाटलं? मिशनच्या शाळेत शिकलो, मग तुमच्या वडलांजवळ राहून – हॅलमसाहेबांचा दुभाषा मीच, ई थिह नाव माझं. तुमच्या फोटोत त्यांच्या डाव्या हाताला उभा आहे ना, तोच.

लढाई पेटलेली होती. ऑस्ट्रेलियाचा माणूस आम्हा एडे लोकांना, इथल्या डोंगरातल्या माणसांना, जंगलात गस्त घालायला शिकवणार – म्हणजे जंगलातच जन्मलेल्यांना! हसले सगळे. पण शिकवलं त्यांनी. दोघांत पाच पावलांचं अंतर, गेल्या वाटेनं परतायचं नाही, बकलांना चिंधी गुंडाळायची, खोकला आला तर बाहीत तोंड खुपसायचं. ते बोलायचे, मी आमच्या भाषेत सांगायचो, चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघायची – आणि दिवस मावळला की दारूच्या रांजणाभोवती तीच माणसं मला जागा द्यायची नाहीत. परक्याची जीभ म्हणायची मला. मग मी साहेबांच्या तंबूत जायचो. ते डबा उघडायचे, अर्धा मला. तुमच्याबद्दल सांगायचे, तुम्हाला तेव्हा दात येत होते. त्यांना तरी माझ्याशिवाय कोण होतं?

होता. नंतर झाला. आमचा माग काढणारा म्हातारा, आमा ह्रिन – म्हणजे ह्रिनचा बाप, आमच्यात लेकराच्याच नावानं हाक मारतात. दोघं सकाळी सापळे बघायला जायला लागले, मला न सांगता. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी हसत परतायचे. मातीतला ठसा किती जुना ते साहेब त्याच्याकडून शिकले. म्हाताऱ्यानं स्वतःचं पितळी कडं काढून त्यांच्या मनगटात घातलं. आणि मी तंबूबाहेर बसून – हे सांगायचं नव्हतं मला. पण आता निघालंच आहे तर –

त्या दिवशी घळीच्या तोंडाशी म्हातारा थांबला. म्हणाला, आज वानरं ओरडत नाहीयेत, आत माणसं आहेत, वरच्या डोंगरधारेनं जाऊ. साहेबांनी मला विचारलं, "म्हातारा काय म्हणतोय?" आणि मी म्हणालो, "पाय दुखतायत म्हणतोय." नाही, त्यांचं वाईट नव्हतं चिंतलं मी – वानरांचं मला खरं वाटलंच नव्हतं, बाई, एवढंच वाटलं की म्हातारा त्यांच्या नजरेतून जरासा उतरेल. आणि साहेबांनी काय करावं – त्याचं ओझं आपल्या पाठीवर घेतलं, त्याचा खांदा थोपटला आणि त्याच्या जागी स्वतः पुढे निघाले. म्हातारा माझ्याकडे वळला, "सांगितलंस ना?" मी म्हटलं, "सांगितलं. ऐकत नाहीये." शंभर पावलंही झाली नसतील, घळीतून गोळ्या सुटल्या.

आम्ही दोघांनीच त्यांना ओढून आणलं. थोडा वेळ शुद्ध होती. आमा ह्रिनकडे बोट करून मला विचारलं, म्हातारा ठीक आहे ना? म्हाताऱ्यानं विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, आईला हाक मारतोय.

म्हातारा नंतर वीस वर्षं जगला. गोरा चांगला होता, पण आमचं ऐकलं नाही त्यानं – हेच सांगत गेला, आणि अजून सगळं गाव तेच सांगतं. तुमच्या लष्करानं काय कळवलं तुमच्या आईला? दमलेल्या माणसाचं ओझं घेतलं म्हणून पुढे होते. होय ना? दोन्ही माझीच वाक्यं. आणि त्यानंतर रांजणापाशी मला जागा मिळायला लागली – बिचाऱ्याचा साहेब गेला म्हणून.

काय? ह्रिन? आहे, पलीकडच्या घरात असते. बापासारखीच आहे, कमी बोलणारी. भेटा की. पण तिला एडेशिवाय काही येत नाही, तुमच्या ड्रायव्हरला एडे येत नाही, आणि या गावात तुमची भाषा येणारा मी एकटाच.

नाही. माझ्याकडे असं बघू नका. मी येणार नाही. उठा, बाई – जा आता.