दोरीची गाठ

(म्हसवड, १९४६. नाथाजीच्या घराच्या दारात त्याची आई दगडाबाई, बायको तानुबाई आणि त्याच्याच पलटणीतला दोस्त बिराप्पा. दुपार.)

तानुबाई : पलटणीतनं आलेला कागद मास्तरानं दोनदा वाचला, भावजी. सायबाचा हुकूम मोडून त्येनी आपनच दोरी सोडली, असं लिवलंय. खरं हाय?

बिराप्पा : तेच सांगाया आलोय, वैनी. पर माझंच मला उमगंना.

दगडाबाई : आरं, तू तितं हुतास की!

बिराप्पा : व्हय मावशी. लढाई सरल्यावर सायबानं हिमालयातला डोंगर चढायचं काढलं. माणदेशी गडी काटक म्हणून आमा दोगांस्नी घेतलं. तिगं एका दोरीला. वीस हजार फूट उंच. वर वाराच पातळ. धा पावलं टाकली की छाती भात्यावानी. डोस्कं चालंना.

तानुबाई : मंग?

बिराप्पा : माथा जवळ आला आन् नाथा बर्फात बसला. म्हणला, तुमी जावा, मी थांबतो. तवा गाठ सुटली.

तानुबाई : सुटली का सोडली? कुनी?

बिराप्पा : कवा सायबाचा हात दिसतो, कवा माझा. हातमोजं समद्यांचं एकसारखंच.

दगडाबाई : म्हंजी माझा नाथा वर गेलाच न्हाई?

बिराप्पा : गेला, मावशी! माथ्यावर माझ्या शेजारी हुबा हुता. त्यानं गुळाचा खडा दिला, म्या खाल्ला. सायेब म्हणतो, वर आपन दोगंच हुतो. पातळ हवेत मानसाला भास हुतो म्हणं.

दगडाबाई : गुळाचा कसला भास रं?

बिराप्पा : काय म्हाईत. उतरलो तर नाथा बसल्या जागी न्हाई. पावलं कड्याकडं गेलेली. म्या हाका मारल्या, लय मारल्या. ढग उतरला हुता. सायबानं मला वढतच खाली आणलं. ही दोन बोटं तवाच गेली.

तानुबाई : कागदावर साक्षीचा आंगठा कुनाचा हाय, भावजी?

बिराप्पा : ...माझा.

दगडाबाई : बिराप्पा!

बिराप्पा : दवाखान्यात हुतो, मावशी. सायबानं वाचून दाखवलं, मी व्हय म्हणलो. त्यो म्हणतो तसंच झालं असंल, असं वाटलं. आता रोज वाटतं, न्हाई. नाथानं हुकूम मोडला न्हाई. पर गाठ म्याच सोडली असंल तर?

तानुबाई : सोडली असंल. नसंल बी.

बिराप्पा : शिव्या द्या, वैनी. मारा मला.

तानुबाई : त्यानं काय हुतंय? उठा. मास्तराकडं जाऊ, दुसरा कागद लिवू.

बिराप्पा : त्यात काय सांगू? मला कायबी ठावं न्हाई.

तानुबाई : तेवढंच सांगा. आन् मंग आंगठा द्या.