हळदीकुंकवाच्या सह्या

कुंदन : अक्का, तिथं नाही, खाली. ‘अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती’ असं छापलंय ना, त्याच्या वरच्या रेघेवर. एकच सही. आज एकतीस तारीख, अहवाल आजच जिल्ह्याला गेला पाहिजे.

सुनंदाबाई : अध्यक्ष कोण?

कुंदन : कोण म्हणजे? तुम्हीच की.

सुनंदाबाई : कधीपासून?

कुंदन : चार वर्षं झाली. काय अक्का, सकाळी सकाळी थट्टा लावली! दर जानेवारीत सही करता की तुम्ही.

सुनंदाबाई : दर जानेवारीत तू पंधरा कागद पुढं सारतोस. गॅसचा कागद, धान्याचा कागद, पोरींच्या हजेरीचा कागद. वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी बठ्ठ्यांवर सही ठोकते. आज म्हटलं, वाचून तर बघू. हे काय शे? नि… रं… क.

कुंदन : निरंक. म्हणजे काही नाही. ‘आजअखेर आलेल्या तक्रारी : निरंक.’ सरकारी शब्द आहे.

सुनंदाबाई : मग खोटा शे तो. एक तक्रार आलीय. बचतगटाचं काम बघणाऱ्या मयुरीची.

कुंदन : अक्का, हळू बोला. नाना आतल्या खोलीत आहेत.

सुनंदाबाई : हळू कशाला? त्यांनाच सांगायला जिना चढून आले मी. नाना! अहो नाना!

नाना : आलो, आलो. काय गडबड आहे? कुंदन, झाला का तो अहवाल? दुपारी जळगावला भाषण आहे माझं. ‘सेवाभावी संस्थांचे सुशासन’. पहिला वक्ताच मी आहे, उशीर करून चालायचं नाही. योगराज गाडी काढून उभा आहे खाली.

सुनंदाबाई : योगराजच नेतोय का तुम्हाला?

नाना : मग कोण नेणार? भाचा आहे, गाडी त्याच्याच हाती असते.

सुनंदाबाई : हां. वीस दिवसांपूर्वी पण गाडी त्याच्याच हाती होती. मयुरी बरोबर होती. बचतगटाची मीटिंग आटोपून येत होते. सोनगीरच्या अलीकडं त्यानं गाडी आडरस्त्याला घातली अन् दारं लावून घेतली. पुढचं मी तोंडानं सांगत नाही, तिनं कागदावर लिहून मोबाईलवर पाठवलंय. कशीबशी सुटली पोर. हायवेपर्यंत पळत आली अन् मिळेल त्या एस.टी.त बसली. आता सावद्याला आईबापाकडं आहे.

नाना : मला कोणी बोललं नाही.

सुनंदाबाई : तुम्हाला कशी बोलेल? तुमचाच भाचा. तिनं शुक्रवारी मला फोन केला. म्हणाली, मॅडम, तक्रार तुमच्याकडंच द्यायची ना? मी म्हटलं, मी कसली मॅडम गं? तर म्हणते, पाण्याच्या टाकीजवळ बोर्ड आहे, त्यावर अध्यक्ष म्हणून तुमचं नाव अन् नंबर आहे, मी फोटो काढून ठेवला होता.

नाना : कुंदन, यांचा नंबर टाकला होता तू बोर्डावर?

कुंदन : नाना, नंबर टाकायलाच लागतो. तपासणीला आले की पहिला बोर्ड बघतात. ऑफिसचा टाकला असता तर दिवसभर मलाच उचलत बसावं लागलं असतं.

सुनंदाबाई : बोर्ड इंग्रजीत, नाना. मी सातवी पास. माझं तेवढं नाव अक्षरं लावून लावून वाचता आलं मला. वाटलं, बावीस वर्षं झाली नोकरीला, संस्थेनं मान दिला. जावई आले होते दिवाळीला, त्यांना हाताला धरून दाखवला मी तो बोर्ड! म्हटलं, बघा, आमच्या नानांनी नाव लावलं माझं. जावयांनी वाचून विषय बदलला. त्यांना इंग्रजी येतं.

नाना : सुनंदाबाई, बसा. पाणी प्या. हे बघा, या समित्याबिमित्या कागदावर लागतात. कायदा आहे, देणगी देणारे विचारतात. प्रत्येक संस्थेत असंच असतं.

सुनंदाबाई : कायद्याचं प्रशिक्षणसुद्धा झालंय म्हणे आमचं. दाखव रे कुंदन, तो मागं लावलेला कागद.

कुंदन : जाऊ द्या ना अक्का.

सुनंदाबाई : दाखव. हे बघा नाना. ‘महिला कायदा जनजागृती शिबिर, उपस्थिती चौसष्ट.’ ही माझी सही. ही कमलबाईची, ही पोळ्या लाटणाऱ्या बाईची. अन् हा फोटो. या फोटोत माझ्या हातात काय दिसतंय तुम्हाला?

नाना : चष्मा आत राहिला माझा.

सुनंदाबाई : चहाची गाळणी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण! कुंदननं दारात वही धरली, म्हणाला, वाण घेतलं की सही करा, म्हणजे कोणी दोनदा नेणार नाही. चौसष्ट बायकांनी कपाळाला कुंकू लावून सह्या केल्या. हातात गाळणी घेऊन कायदा शिकलो आम्ही!

कुंदन : मला कोणी शिबिर घेऊ दिलं का? दोनदा फाईल ठेवली मी तुमच्या टेबलावर, नाना. तुम्ही म्हणालात, भागवून घे. मी भागवलं.

नाना : पुरे. सगळं माझ्यावर ढकलू नका. योगराजला मी समज देतो. आजच, गाडीत. पोरीची माफी मागायला लावतो त्याला. झालं?

सुनंदाबाई : नाही झालं. समितीपुढं चौकशी होते म्हणे. नव्वद दिवसांत. मयुरीनं मोबाईलवर वाचून दाखवलं मला.

नाना : कुठली समिती? कोण कोण आहे तिच्यात, माहीत तरी आहे का?

सुनंदाबाई : आता झालंय माहीत. मी, कुंदन, कामिनी मॅडम, अन् बाहेरची निःपक्षपाती सदस्य म्हणून बेबाबाई. तुमची बहीण बेबाबाई, नाना! योगराजची सख्खी आई! बाहेरची म्हणजे काय, दोंडाईच्याबाहेर राहते म्हणून?

कुंदन : तेव्हा दुसरं कोणी मिळालं नव्हतं.

नाना : कुंदन, तू गप. सुनंदाबाई, मी तुम्हाला हात जोडतो. ऐंशी मुली आहेत वसतिगृहात. पाड्यावरच्या, वस्तीवरच्या. हा अहवाल बिघडला की देणगी देणारी पुण्याची कंपनी हात आखडता घेईल. मुली गेल्या घरी, तर दोन महिन्यांत निम्म्यांची लग्नं लावून मोकळे होतील लोक. एका मयुरीसाठी ऐंशी जणींना उघड्यावर टाकायचं का?

सुनंदाबाई : मयुरीचा बाप काय म्हणतोय, ठाऊक आहे? म्हणतो, नोकरी बंद, चैत्रात उरकून टाकू. तिचं काय ते बोला.

नाना : मी तिच्या बापाशी बोलतो. केळीवाले लोक आहेत, ओळखीचे निघतील.

सुनंदाबाई : ओळखीनं मिटवू नका नाना. पोरगी माझ्या फोनची वाट बघतेय.

नाना : बरं. तुम्हाला जमत नसेल तर नका राहू अध्यक्ष. कुंदन, डिसेंबरच्या सभेचं इतिवृत्त अजून पक्कं केलेलं नाही ना? त्यात एक ठराव घाल. सुनंदाबाईंच्या जागी कामिनी. सून आहे, ती करेल सही.

कुंदन : डिसेंबरच्या तारखेनं?

नाना : मग काय उद्याच्या तारखेनं?

सुनंदाबाई : उशीर झाला नाना. शनिवारी मी मयुरीला पोच दिली. संस्थेच्या लेटरहेडवर. ‘तुमची तक्रार मिळाली. अध्यक्ष, सुनंदाबाई.’ तारीख टाकली, गोल शिक्का मारला, पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

नाना : शिक्का कुणी दिला?

सुनंदाबाई : चाव्या माझ्याकडंच असतात. अधीक्षिका शे ना मी.

नाना : हाई कोणी शिकाडं तुले? बोल! काय व्हतीस तू? कडेवर पोर लीसन दारात उभी व्हतीस. मी कामाला ठेवलं तुले. पोरगी शिकवली, तिचं लग्न लावून दिलं, मांडवात बापाच्या जागी मी उभा राहिलो. अन् आज माझ्याच संस्थेचा शिक्का माझ्यावर मारतेस?

सुनंदाबाई : तेच चार दिवस डोक्यात चाललंय माझ्या. जेवण जात नाही. तुमच्या अन्नावर जगलेय मी, नाना, हे मी नाकारत नाही. देवघरात तुमचा फोटो आहे माझ्या. पण तुम्ही माझं नाव लावलं ते मला विचारून लावलं का? मान म्हणून लावलं का? मी अडाणी आहे, विचारणार नाही, म्हणून लावलं. ते लागलंय मला. फार लागलंय.

नाना : ऐका मग. मी संध्याकाळी परत येतो. तोवर अहवाल गेलेला पाहिजे, जसा टाइप केलाय तसा. नसेल गेला, तर उद्या वसतिगृहातली खोली रिकामी करा. दुसरी अधीक्षिका मिळेल मला. कुंदन, तुलाही हेच लागू.

(नाना जिना उतरतात. खाली गाडी सुरू होते आणि निघून जाते.)

कुंदन : काय करून बसलात अक्का! कुठं जाणार आता?

सुनंदाबाई : मुलीकडं नाही जायची. बघू. तू तुझं बघ, तुला मी काही म्हणत नाही. तुझ्या सहीनं चालत असेल तर तू कर.

कुंदन : माझी कशी चालेल? अन् तुम्ही पोच देऊन ठेवलीय. उद्या तो कागद निघाला की खोटा अहवाल कोणी टाइप केला, हेच विचारतील पहिलं. नाना म्हणतील, कुंदननं भागवलं. ओळखतो मी त्यांना. आणा इकडं तो कागद. ‘निरंक’ खोडतो. ‘एक’ करतो.

सुनंदाबाई : एक नको. दोन कर.

कुंदन : दुसरी कुणाची?

सुनंदाबाई : दिपमालाची. शिवणवर्गाला होती बघ, दोन वर्षांपूर्वी. उंच, जरा तोतरी बोलायची.

कुंदन : ती लग्न ठरलं म्हणून सोडून गेली ना?

सुनंदाबाई : तसं मीच सगळ्यांना सांगितलं. ती माझ्याकडं आली होती, स्वयंपाकघरात. मी तूरडाळ निवडत होते. म्हणाली, अक्का, योगराजभाऊंबरोबर मला गावांना पाठवू नका. पुढं बोलेना, नुसती उभी राहिली. मी मान वर केली नाही, कुंदन. मी तिला का म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

कुंदन : तेव्हा तुम्हाला कुठं ठाऊक होतं, तुम्ही अध्यक्ष आहात म्हणून?

सुनंदाबाई : अध्यक्ष ठाऊक नव्हतं. योगराज ठाऊक होता. तिच्या तोंडाकडं न बघताच कळलं होतं मला बठ्ठं. माझी खोली, माझी नोकरी, माझ्या पोरीचं बाळंतपण तोंडावर. म्हटलं, मी कोण गं सांगणारी? काम करायचं तर कर, नाहीतर जा घरी.

कुंदन : अक्का, दोन लिहिलं की पुढचा रकाना भरावा लागतो. ‘तक्रारीवर समितीने केलेली कार्यवाही.’ मयुरीची चौकशी सुरू आहे, असं लिहिता येईल. दिपमालाच्या पुढं काय लिहू?

सुनंदाबाई : काय झालं तेच लिही. अध्यक्षांनी तिला गप केलं अन् घरी पाठवलं.